दर सोमवारी सगळ्यांचे किलो सारखेच: पायथनमधल्या नेस्टेड लिस्टचा दोष कसा सापडला

"मी त सोमवारी आलीच नोती जी. मंग माह्या नावावर हे एकतीस किलो कायचे?"

रविवारच्या बाजारात चुकारा घेऊन गेलेली मावशी अर्ध्या तासानं परत आली ती हे विचारायला. पैसे जास्त आले होते म्हणून परत आली होती. तिच्या मागेच उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "माह्ये त सोमवारचे सेहेचाळीस होते. तुमच्या कागदावर इकतीसच दिसून राह्यले." मोठ्या बाबांनी वही उघडली. वहीत सेहेचाळीसच होते. मी काढून दिलेल्या छापील कागदावर मात्र आठही जणींच्या सोमवारच्या रकान्यात ३१ होतं.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावकडे. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वेचणी किलोवर चालते, गेल्या हंगामात आम्ही किलोमागे १० रुपये देत होतो. संध्याकाळी धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगून गाठोडी मोजायची, मोठे बाबा वहीत लिहितात, रात्री मी ते आकडे लॅपटॉपवर चढवतो. सोमवार ते शनिवार वेचणी, रविवारी बाजार आणि चुकारा. बेरजा चुकू नयेत म्हणून मीच पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला होता. बेरजा कधी चुकल्याही नाहीत. ज्या आकड्यांची बेरीज होत होती तेच बदललेले होते.

सेहेचाळीसच्या जागी एकतीस म्हणजे एका दिवसाचे १५० रुपये कमी. दिवसभर वाकून वेचलेल्या कापसाचे पैसे आहेत ते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. नेस्टेड लिस्ट, म्हणजे लिस्टच्या आत लिस्ट (बरेच जण तिला नेस्टेड अ‍ॅरे म्हणतात), वापरून कोणी हजेरी, दूध संकलन, पाणीवाटप असं काही लिहीत असेल, तर हा दोष त्याच्याकडेही असू शकतो आणि पायथन त्याबद्दल एका शब्दानं बोलणार नाही. चूक झाल्याचा संदेश येत नाही, प्रोग्राम थांबत नाही.

आधी एक सूचना. खाली कोडच्या ओळी देवनागरीत दिल्या आहेत. फॉर, इन, रेंज असे पायथनचे ठरलेले शब्द आणि कोडमधले आकडे टाइप करताना रोमन लिपीत घ्यायचे. नोंद, ओळ, मागचा ही नावं मात्र अशीच देवनागरीत चालतात. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून ती सोय आहे आणि मी ती वापरतो, कारण तीन महिन्यांनी स्वतःचं कोड वाचताना डोकं कमी लागतं.

काय दिसत होतं

मागचे पाच आठवडे काढून वहीशी लावून पाहिले. मंगळवार ते शनिवार सगळं बरोबर. सोमवार चार आठवड्यांत चुकलेला, एका आठवड्यात बरोबर. चुकलेल्या सोमवारांपैकी तिनांमध्ये आठही जणींचे किलो सारखे, आणि तो आकडा नेहमी त्या रात्री मी सगळ्यात शेवटी भरलेला. चौथ्या सोमवारी फक्त पहिल्या ओळीतला आकडा चुकला होता. तिथे दुसऱ्या ओळीचाच आकडा होता.

पहिला संशय माझ्या टायपिंगवर. पण आठ वेळा तोच आकडा कोणी टाइप करत नाही. दुसरा संशय मराठी आकड्यांवर, कारण मी किलो देवनागरी आकड्यांतच भरतो. तो संशय लगेच निघाला: कीबोर्डवरून आलेला "४२" हा मजकूर पायथनचं इंट हे फंक्शन बरोबर बेचाळीस म्हणून घेतं, आणि "४२.५" फ्लोट या दशांशाच्या फंक्शनला दिलं तरी ते बरोबर घेतं. देवनागरी आकडे चालत नाहीत ते थेट कोडमध्ये संख्या म्हणून लिहिले तर, आणि तिथे पायथन स्पष्ट चूक दाखवतं. तिसरा संशय फाइलवर. फाइल जेसनची, साधी, उघडून वाचता येणारी. ती धड होती, फक्त आतले आकडे चुकीचे होते.

मग तो एक बरोबर आलेला सोमवार. त्या रात्री काय वेगळं झालं होतं हे मोठ्या आईला आठवलं: मी लॅपटॉप उघडला आणि लाइन गेली. बॅटरी जुनी, लॅपटॉप बंद पडला. लाइन आल्यावर पुन्हा सुरू करून मी सगळे आकडे भरले. आणि ज्या सोमवारी फक्त पहिली ओळ चुकली, त्या रात्री दोन नोंदी झाल्यावर लाइन गेली होती.

म्हणजे प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की दोष जात होता. नवा आठवडा सोमवारी तयार होतो, त्यामुळे दोष फक्त सोमवारी दिसत होता. मंगळवारी मी प्रोग्राम नव्यानं उघडतो, तेव्हा सगळं ठीक. इथपर्यंत आल्यावर कोडमधली एकच ओळ उरली, नवा आठवडा तयार करणारी:

नोंद = [[०] * ६] * ८

सहा दिवसांचे सहा शून्य, आणि अशा आठ ओळी. वाचायला इतकी सरळ आहे की तिच्यावरून माझी नजर दहा वेळा गेली असेल.

असं का होतं

सातबाऱ्याची झेरॉक्स काढली म्हणून वावर दुप्पट होत नाही. आठ जणांच्या हातात एकाच गटाच्या सातबाऱ्याच्या आठ झेरॉक्स दिल्या, आणि एकानं जाऊन त्या वावरात नांगर घातला, तर बाकी सातांचंही वावर नांगरलेलंच असणार, कारण वावर एकच आहे.

पायथनच्या लिस्टमध्ये वस्तू नसते, वस्तूचा पत्ता असतो. तिचा प्रत्येक कप्पा म्हणजे एक सातबारा. [[०] * ६] ही एका कप्प्याची लिस्ट, आणि त्या कप्प्यात सहा शून्यांच्या ओळीचा पत्ता. तिला आठानं गुणलं की पायथन तो पत्ता आठ वेळा उतरवतं. ओळ एकच राहते. म्हणून

नोंद[०][०] = ४२

असं लिहिलं की पहिल्या मावशीचा सोमवार बदलतो (पायथन शून्यापासून मोजतं), आणि त्याच वेळी सगळ्यांचा बदलतो. दुसरीचे ३८ भरले की सगळ्यांचे ३८. शेवटची ३१ भरली की सगळ्यांचे ३१. माझ्या प्रोग्रामनं प्रत्येक नोंदीनंतर "नोंद झाली: ४२" असा त्या एका ओळीचाच आकडा दाखवला, तो त्या क्षणी खराही होता. म्हणून रात्री कधी काही खटकलं नाही.

इथे एक प्रश्न येतोच, मलाही आला: मग आतलं [०] * ६ कसं चालतं? तिथेही एकाच शून्याचा पत्ता सहा वेळा उतरला आहे, तरी सोमवार भरल्यावर मंगळवार का बदलत नाही? याचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच बहुतेक जण अडतात. पायथनमध्ये संख्या बदलता येत नाही. नोंद[०][०] = ४२ या ओळीचा अर्थ "त्या शून्याचं बेचाळीस कर" असा नसतो. "त्या कप्प्यातला पत्ता काढून टाक, तिथे बेचाळीसचा पत्ता ठेव" असा असतो. शून्य जिथे होतं तिथेच राहतं, बाकी पाच कप्पे त्याच्याकडेच बोट दाखवत राहतात. एकाच गोष्टीकडे अनेकांनी बोट दाखवणं धोक्याचं नाही. ती गोष्ट जागच्या जागी बदलता येत असेल तरच धोका आहे. संख्या, मजकूर, टपल (न बदलणारी लिस्ट) बदलत नाहीत. लिस्ट, डिक्शनरी, सेट बदलतात.

आणि लाइन गेल्यावर दोष का जायचा? माझा प्रोग्राम प्रत्येक बदलानंतर जेसन फाइलमध्ये साठवतो. जेसनला "ही तीच ओळ आहे" हे लिहिण्याची सोयच नाही, ते आठही ओळी सुट्या सुट्या लिहून काढतं. परत वाचताना पायथन आठ वेगळ्या लिस्ट बनवतं. दोष फाइलमध्ये शिरताना आपोआप सुटत होता, आणि म्हणूनच तो पकडायला इतके आठवडे लागले. जेसनऐवजी पिकल, म्हणजे पायथनची स्वतःची साठवण्याची पद्धत, वापरलं असतं तर असं झालं नसतं. पिकल कोणती वस्तू सामाईक आहे हे लक्षात ठेवतं आणि परत उघडताना ती सामाईकच ठेवतं, म्हणजे मंगळवारपासून शनिवारपर्यंत सगळंच चुकलं असतं. तुमच्याकडे पिकल असेल तर दोष आठवडाभर दिसेल. जेसन किंवा सीएसव्ही असेल तर तो येईल आणि जाईल. दिसण्यात फरक असला तरी कारण एकच.

दुरुस्ती

नोंद = [[०] * ६ फॉर _ इन रेंज(८)]

इथे चौकटी कंसातली आतली ओळ आठ वेळा नव्यानं तयार होते, कारण फॉरच्या प्रत्येक फेरीत [०] * ६ पुन्हा चालतं. आठ वावरं, आठ सातबारे. आतला गुणाकार तसाच ठेवला तरी चालतो, कारण वर सांगितल्याप्रमाणे शून्य बदलत नाही.

ही ओळ बदलली आणि पुढचा सोमवार बरोबर आला. मला वाटलं संपलं.

पुन्हा आला, वेगळ्या वाटेनं

दोन आठवड्यांनी दोन नव्या बाया वेचणीला आल्या, म्हणून मी नवा आठवडा शून्यातून न बनवता मागच्या आठवड्यावरून उतरवायला लागलो. ओळींचा क्रम तसाच राहावा हा हेतू. लिहिलं असं:

पुढचा = मागचा.कॉपी()

आणि मग पुढचाच्या प्रत्येक ओळीतले सगळे कप्पे शून्य केले. रविवारी सकाळी चुकाऱ्याचा कागद काढण्याआधी हे करून बसलो. कागद काढला तर मागचा आठवडा सगळाच्या सगळा शून्य. प्रोग्रामनं तो तसाच साठवलाही होता.

कॉपी या नावावर विश्वास ठेवला होता. लिस्टची कॉपी फक्त वरची लिस्ट नवी करते. म्हणजे कागद लावायची फाइल नवी, पण तिच्यात लावलेले सातबारे त्याच जुन्या वावरांचे. मागचा[:] असं लिहिलं किंवा लिस्ट(मागचा) असं लिहिलं तरी तेवढंच होतं. आतल्या ओळी हव्या असतील तर त्या स्वतः उतरवाव्या लागतात:

पुढचा = [ओळ[:] फॉर ओळ इन मागचा]

लिस्टच्या आत लिस्ट, इतकीच खोली असेल तर हे पुरतं. आठवडे, त्यात बाया, त्यात दिवस अशी तीन पायऱ्यांची रचना असेल तर कॉपी नावाच्याच मॉड्यूलमधलं डीपकॉपी वापरावं. ते तळापर्यंत जाऊन सगळं नवं करतं.

पण डीपकॉपीबद्दल एक गोष्ट फार कमी ठिकाणी स्पष्ट सांगितलेली दिसते. ते गुणाकारानं झालेला दोष दुरुस्त करत नाही. [[०] * ६] * ८ ला डीपकॉपी लावलं तर नवी लिस्ट मिळते, आणि तिच्या आठही कप्प्यांत एकाच नव्या ओळीचा पत्ता असतो. मूळ रचनेत जे सामाईक होतं ते डीपकॉपी मुद्दाम सामाईक ठेवतं, पिकलसारखंच. तेव्हा "काहीही झालं तरी डीपकॉपी लावा" हा सल्ला मी कोणाला देणार नाही. आधी लिस्ट जिथे जन्मते तिथे पाहा.

या दुसऱ्या फटक्यानंतर बसून सगळा प्रोग्राम वाचून काढला आणि हाच दोष आणखी दोन जागी निघाला. एक, बायांच्या नावावरून उचल लिहून ठेवण्यासाठी केलेली डिक्शनरी. डिक्ट.फ्रॉमकीज(नावं, []) असं लिहिलं होतं, म्हणजे एकीनं उचल घेतली की सगळ्यांच्या नावावर ती चढणार. उचल अजून कोणी घेतली नव्हती एवढंच. दोन, अजून न वापरलेल्या एका फंक्शनमध्ये एकच ओळ भरायची, अपेंडनं मोठ्या लिस्टमध्ये टाकायची, मग क्लिअर करून पुढची भरायची असा प्रकार. अपेंड पत्ता टाकतं, त्यामुळे क्लिअर केल्यावर आधी टाकलेलंही रिकामं होतं. फेरीच्या सुरुवातीला ओळ = [] असं नवं लिहिलं की मिटतं.

फंक्शनच्या व्याख्येत ठरावीक किंमत म्हणून रिकामी लिस्ट देणं हाही त्याच घराण्यातला प्रकार. ती लिस्ट फंक्शनची व्याख्या चालते तेव्हा एकदाच बनते आणि मग प्रत्येक वेळी तीच हाती येते. माझ्याकडे तो नव्हता, पण शोधताना तोही पाहून घ्या. तिथे नन (म्हणजे "काहीच नाही") द्यावं आणि आत गेल्यावर नवी लिस्ट करावी.

तुमच्याकडे हाच दोष आहे का, हे कसं तपासायचं

प्रिंट करून पाहणं पुरत नाही. आठ वेगळ्या शून्याच्या ओळी आणि एकाच ओळीचे आठ पत्ते पडद्यावर अगदी सारखे दिसतात. पायथनला विचारावं लागतं:

नोंद[०] इज नोंद[१]

उत्तर ट्रू आलं तर दोन्ही एकच ओळ आहेत. दोन बरोबरीच्या चिन्हांनी विचारू नका, ते फक्त आतले आकडे सारखे आहेत का एवढंच सांगतं. सगळ्या ओळी एकदम तपासायच्या तर:

लेन(सेट(आयडी(ओळ) फॉर ओळ इन नोंद))

आयडी म्हणजे वस्तूचा ओळख क्रमांक, सेट सारखे क्रमांक एकदाच ठेवतो आणि लेन ते मोजतं. जितक्या ओळी तितका आकडा यायला हवा. माझ्याकडे १ आला होता.

हीच तपासणी आतल्या किलोंवर लावू नका, नाहक घाबराल. नेहमीच्या पायथनमध्ये निदान उणे ५ ते २५६ या पूर्णांकांची एकेकच प्रत तयार ठेवलेली असते, म्हणून दोन मावश्यांचे ४२ हे "एकच" निघतील. ते तसंच असायला हवं आणि त्यानं काही बिघडत नाही.

दुसऱ्या भाषांत काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. जावास्क्रिप्टमध्ये नव्या अ‍ॅरेला फिल लावून आत रिकामा अ‍ॅरे दिला तर हुबेहूब हेच होतं. तिथे अ‍ॅरे.फ्रॉमला फंक्शन देऊन प्रत्येक ओळ वेगळी बनवून घ्यावी. तीन टिंबांनी केलेली कॉपीही वरच्यावरचीच असते. रूबीत अ‍ॅरे.न्यूला दुसरी किंमत म्हणून अ‍ॅरे दिला तर तेच, ब्लॉक दिला तर नाही. पीएचपीचं मात्र वेगळं आहे, तिथे अ‍ॅरे दुसऱ्या नावाला दिला की तो किंमत म्हणून जातो, आणि मुद्दाम रेफरन्स घेतला नाही तर हा घोळ होत नाही. पीएचपीवरून पायथनकडे आलेला माणूस म्हणूनच जास्त फसतो, मीही तसाच आलो. आणि नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी वापरणाऱ्यांनी झीरोजला ८ आणि ६ ही मापं दिली तर खरा आठ बाय सहाचा तक्ता मिळतो, तिथे हा प्रश्न नाही. पण नमपायच्या तक्त्याचा तुकडा काढला तर तो त्याच तक्त्याची खिडकी असतो, तुकड्यात बदल केला की मूळ बदलतो. लिस्टच्या तुकड्याचं वरच्या पायरीवर तसं नसतं, आतल्या ओळी मात्र त्याच राहतात. दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये असतील तर हे डोक्यात ठेवावं लागतं.

जे आधीच चुकलं होतं त्याचं काय केलं

प्रोग्राम दुरुस्त झाला म्हणून साठवलेले आकडे दुरुस्त होत नाहीत. सोमवारचे खरे किलो फाइलमध्ये कुठेच नव्हते, ते एकमेकांवर लिहिले जाऊन पुसले गेले होते. ज्या आठवड्यात पहिल्या रकान्यातले सगळे आकडे सारखे, ते आठवडे शोधणारी दोन ओळींची तपासणी लिहिली. पण लाइन गेलेल्या रात्रीचा सोमवार तिला सापडला नसता, तिथे फक्त दोन आकडे सारखे होते आणि दोन बायांनी सारखा कापूस वेचणं काही अशक्य नाही. म्हणून शेवटी मोठ्या बाबांची वही घेऊन सगळे सोमवार हातानं लावले. शून्य झालेला आख्खा आठवडाही त्याच वहीतून भरला. वही नसती तर काहीच करता आलं नसतं, आणि म्हणून ती अजूनही बंद केलेली नाही.

प्रोग्राममध्ये आता नवा आठवडा तयार झाला की ओळींचे आयडी मोजले जातात आणि संख्या जुळली नाही तर तो तिथेच थांबतो. साठवण्याआधी मागच्या आठवड्याची बेरीज पहिल्यासारखीच आहे का हेही पाहतो.

पुढच्या रविवारी बाजारात फरक दिला. सात जणींचे कमी-जास्त मिळून ६२० रुपये निघत होते. जिला जास्त गेले होते त्या मावशीनं एकतीस किलोंचे पैसे पदरातून काढून पुढे केले. मोठे बाबा म्हणाले, "ठेव, लेकराच्या औषधाले लागतीन," आणि वहीत तिच्या नावापुढे तसं लिहून घेतलं.